दोन बोटांची जागा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५
इंटरनॅशनल सिटी, दुबई. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चहाला उकळी यायची वाट बघत गॅसजवळ उभा होतो, तेव्हा हे पत्र मनात सुरू झालं.

तहाभाई, अस्सलामु अलैकुम.

समोर असताना मी तुला 'तू' म्हणतो. कागदावर 'तुम्ही' लिहितोय, कारण तुम्ही रागावला आहात आणि रागावलेल्या माणसाला 'तू' लिहायला हात धजत नाही. तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंय. आधी वाटलं, नेटवर्क नसेल. मग रूममधल्या अंकुरच्या फोनवरून लावून बघितला, तर लगेच रिंग गेली. मी घाबरून कट केला. म्हणून कागद. आपल्या गावच्या खैरुन्निसा खाला दर शुक्रवारी जेवणाचे रिकामे डबे न्यायला इथे येतात आणि शारजात, अल मजाजला तुमच्याच बिल्डिंगमध्ये परत जातात. हे पत्र डब्यात ठेवून देईन. तेल लागू नये म्हणून घडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे.

मुख्य गोष्ट आधी लिहितो. अम्मा ११ जानेवारीला येतेय. तिचा व्हिसा लायबाभाभींनी काढलाय म्हणजे तारीख तुम्हाला माहीत असणारच. तुम्हाला माहीत नाही ते हे, की मी अजून तुमच्याकडेच राहतो असं अम्मा समजते. ती फोनवर विचारते, तहा जेवला का, आणि मी म्हणतो हो, जेवला. खोटं बोलायचं म्हणून नाही. नाही जेवला असं तरी कसं म्हणू? शारजा एअरपोर्टच्या दारातून ती बाहेर येईल आणि मी एकटाच उभा दिसेन. ती पहिलं काय विचारेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. उत्तर सुचत नाही. तुम्ही त्या दिवशी यावं, एवढंच मागायला हे पत्र. नंतर पुन्हा बोलला नाहीत तरी चालेल. चालणार नाही, पण तसं लिहितो.

तुम्ही नक्की कशावर रागावलात हे मी रोज मनात मांडून बघतो. तुम्ही मला मीना बझारच्या कापडाच्या दुकानात लावलं. गिऱ्हाइकाला हाका मारणं मला जमेना. 'आओ मॅडम, देखो मॅडम' म्हणताना मी ताग्यांच्या आड व्हायचो, आणि कापड मी दोनदा मोजेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलेलं असायचं. मग मी गार्डनिंगच्या कंपनीत लागलो. पगार तेवढाच. हे सांगायला मी मिठाई घेऊन घरी आलो. तुम्ही डबा उघडलासुद्धा नाही. म्हणालात, "खलास. आता तू आणि तुझी माती." भाभी मध्ये बोलायला गेल्या तर त्यांनाही गप्प केलंत. दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन या रूमवर आलो. दुकान सोडणं एवढं मोठं आहे का? की न विचारता सोडलं, ते? की मी हसत हसत सांगितलं, ते? मला खरंच कळत नाही, भाई.

काम चांगलं चाललंय. मिरदिफमध्ये मोठ्या मशिदीमागे, मोकळ्या प्लॉटला लागून एक व्हिला आहे, तिथे सोमवारी आणि गुरुवारी जातो. मंजुषा मॅडम पुण्याच्या आहेत, सर बँकेत आहेत. मॅडमच्या आईंनी पुण्याहून टोमॅटोचं बी पाठवलं, त्याची बारा रोपं मी मागच्या वाफ्यात लावली. आता ती कमरेएवढी झालीत आणि वाकायला लागलीत, म्हणून त्यांना काठ्या लावल्या. मॅडमनी ड्रॅगन मार्टमधून हिरव्या प्लास्टिकच्या काठ्या आणल्या, छत्तीस दिरहमच्या. म्हणजे पावणेनऊशे रुपये, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. काठ्या मी रोपांच्या मागे, भिंतीच्या बाजूला ठोकल्या, म्हणजे झोपाळ्यावरून बघताना त्या दिसत नाहीत. प्रत्येक रोप दातेरी प्लास्टिकच्या केबल टायनं तीन जागी काठीला बांधलं. अगदी घट्ट. एकही पान इकडेतिकडे नाही. दोरी धरून ओळ तपासली. शाळेच्या कवायतीसारखी रोपं उभी आहेत. मॅडमच्या मुलीनं, शुभ्रानं, बघितलं आणि म्हणाली, "दे लुक अरेस्टेड, अंकल." मी थँक यू म्हणालो. नंतर अर्थ कळला.

उत्तर द्यायचं असेल तर खालांकडे द्या. नसेल तर पत्र फाडू नका, परत पाठवा.

तुमचा,
अबरार

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भाई, सलाम.

पत्र तुम्हाला मिळालं, असं खाला म्हणाल्या. तुम्ही ते उभ्या उभ्या वाचलंत आणि खिशात ठेवलंत. चेहरा कसा होता, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तहाचा चेहरा जसा असतो तसा." यातून मी काय समजायचं?

एक विचित्र गोष्ट झाली. लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

सोमवारी व्हिलावर गेलो तर बाराही रोपांचे केबल टाय कापलेले. काठ्या उपटून दुसऱ्या बाजूला, मोकळ्या प्लॉटच्या बाजूला ठोकलेल्या. आणि रोपं कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली. निळ्या-पांढऱ्या चौकडीचं जुनं कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण पट्ट्या कात्रीनं सरळ कापलेल्या. पट्टी आधी काठीला पक्की बांधून मध्ये एक पीळ दिलेला, मग देठाभोवती सैल वेटोळं. इतकं सैल, की रोप हलतं. प्रत्येक रोपाला सारखंच सैल. कापलेले केबल टाय एका कुंडीत गोळा करून ठेवलेले.

क्षणभर वाटलं, मीच हे केलं आणि विसरलो. मग घरात काम करणाऱ्या सगुणाताईंना विचारलं. त्या सावंतवाडीच्या. त्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, मला आतल्याच कामातून उसंत नाही, तुझ्या झाडांना मी कशाला हात लावू? मॅडमना विचारायची हिंमत होत नव्हती, पण त्याच बाहेर आल्या आणि मलाच विचारलं, "अबरार, ह्या चिंध्या कशाला बांधल्यास? आईला फोटो पाठवायचाय मला. काढून टाक ना प्लीज." मी बांधल्या नाहीत असं मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर कुणी बांधल्या हे आलं असतं, आणि गेटची चावी माझ्याकडे असते.

काढल्या. काठ्या परत भिंतीकडे घेतल्या आणि नवीन केबल टाय लावले, पहिल्यापेक्षा एक दात जास्त घट्ट. मॅडमनी फोटो काढला. पट्ट्या मी फेकल्या नाहीत. कुणाच्या तरी आहेत. घडी करून रूमवर उशाशी ठेवल्यात.

मला वाटतं, कुणाला तरी माझं काम आवडलेलं नाही. पण आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं, असं चोरून येऊन कुणी करतं का? आणि सैल बांधणं हे काय काम झालं? आधार द्यायचा तर नीट द्यावा.

अम्माचं तिकीट झालं. दुपारी तीन वाजता उतरेल. मी पुन्हा विचारत नाही, फक्त वेळ कळवली.

अबरार

शुक्रवार, १२ डिसेंबर

भाई,

या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही मला कळलेल्या नाहीत. क्रमानं लिहितो.

या सोमवारी परत तेच. चौकडीच्या नव्या पट्ट्या, काठ्या मोकळ्या प्लॉटच्या बाजूला, तीच सैल बांधणी. या वेळी एक जास्तीचं काम केलं होतं. माझ्या केबल टायनं दोन रोपांच्या देठाला करकोचा पडला होता, तिथे ओली माती लिंपून वर तीच पट्टी गुंडाळली होती. एखाद्या पोराच्या गुडघ्याला बांधतात तशी.

सगुणाताई या वेळी बोलल्या. शनिवारी मॅडम, सर आणि शुभ्रा बाहेर जातात. तेव्हा एक माणूस बाजूच्या गेटनं येतो. उंच, दाढीवाला. आपण होऊन म्हणाला, कंपनीतून आलोय, कामाची चेकिंग आहे. त्यांनी कडी काढून आत घेतलं. वाफ्यात जाताना त्यानं बूट-मोजे काढून पायरीवर ठेवले. पाणी दिलं तर उभ्यानं प्यायला नाही, बसून प्यायला. माझ्याबद्दल काय काय विचारत होता, असं त्या म्हणाल्या. मला पुढचं ऐकवेना. चेकिंग म्हटल्यावर मी लगेच बाहेर आलो. सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "अरे भाई, दो सौ व्हिला है, मैं तेरे टमाटर देखने शनिवार को किसको भेजूँगा?" आणि हसला. म्हणजे कंपनीतून कुणी आलं नाही. मग कोण आलं? मॅडमनी दुसरा माळी बघून ठेवलाय का? त्याला आधी फुकट करून दाखवायला सांगितलंय का? माझं काम गेलं तर व्हिसा जाईल, आणि अम्मा इकडे येत असताना मी तिकडे परत जात असेन. रात्री झोपेत मी केबल टाय ओढत होतो, असं अंकुर म्हणाला.

दुसरी गोष्ट. पट्ट्या दिसल्या तर मॅडम परत बोलतील म्हणून मी त्या सोडायला घेतल्या, काठ्या परत भिंतीकडे नेल्या आणि टाय लावत गेलो. आठ रोपं झाली आणि टाय संपले. टोकाची चार रोपं जास्वंदीच्या आड येतात, झोपाळ्यावरून दिसत नाहीत, म्हणून ती होती तशीच सैल ठेवली.

तिसरी गोष्ट खालांची. आज त्या डबे मोजत स्टुलावर बसल्या होत्या. मी विचारलं, खाला, भाई मातीवर एवढा का रागावतो? त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलंच नाही होय रे?" आणि सांगितलं.

अब्बा दुसऱ्याच्या वाडीत माळीकाम करायचे एवढं मला माहीत होतं. एका वर्षी मालकाच्या मुलीचं लग्न होतं. वाडीतून मांडवाकडे जाणाऱ्या वाटेला अब्बांनी मिरच्या-वांग्यांची ओळ लावली होती आणि जुन्या लुंगीच्या पट्ट्यांनी काठ्यांना बांधली होती. मालक म्हणाला, पाहुणे येणार, ह्या चिंध्या काढ. त्यानं रंगीत प्लास्टिकची सुतळी आणून दिली. तुम्ही पंधरा वर्षांचे होतात आणि अब्बांच्या हाताखाली होतात. तुम्ही म्हणालात, अब्बा, सुतळीनं देठ कापतील. अब्बा म्हणाले, वाडी त्याची आहे. दोघांनी मिळून पट्ट्या सोडल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि ओळ आडवी झाली. मालकानं चारचौघांत अब्बांना विचारलं, एवढी वर्षं काय शिकलास? अब्बा खाली बसून मोडलेली रोपं गोळा करत राहिले. त्या दिवसापासून तुम्ही म्हणायला लागलात, की आपल्या घरातला कुणी आता दुसऱ्याच्या मातीत हात घालणार नाही. तीन वर्षांनी तुम्ही इकडे आलात. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला फक्त तुमची बॅग आठवते.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, भाई. पण गोंधळ काही कमी झाला नाही. मला तर या कामात बरं वाटतं. कुणाला हाका माराव्या लागत नाहीत. तुमचा राग अब्बांसाठी आहे की माझ्यावर? आणि सोमवारी मी ज्या पट्ट्या सोडल्या त्या काही अब्बांच्या नव्हत्या, कुणा परक्याच्या होत्या. मग खाला सांगत असताना मला मान वर का करवेना?

अबरार

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

भाई,

सोमवारी रात्री वारा झाला तो अल मजाजलाही झाला असेल. इथे बाल्कनीतल्या दोऱ्या तुटून सगळ्यांचे कपडे खाली पार्किंगमध्ये पडले. मंगळवारी माझा मिरदिफचा दिवस नव्हता तरी पहाटेच्या बसनं गेलो.

केबल टायची आठ रोपं गेली होती. तीन तर टायपाशीच तुटलेली, सुरीनं कापावी तशी. वारा मोकळ्या प्लॉटकडून आला आणि त्यानं रोपं काठीवर आपटली. देठाला हलायला जागा नव्हती, म्हणून देठ मोडले. बाकीची पाच काठ्यांसकट उपटून आडवी पडलेली, हिरवे टोमॅटो मातीत. आणि जास्वंदीच्या आडची चार उभी. वारा काठीच्या बाजूनं आला, रोपं काठीपासून लांब झुकली, पट्टीनं त्यांना धरलं, आणि वारा थांबल्यावर ती परत जागेवर आली. एक फूलसुद्धा गळलं नव्हतं.

मी त्यातल्या पहिल्या रोपापाशी बसलो. सैल बांधलंय म्हणजे नेमकं किती सैल, ते बघावं म्हणून देठ आणि पट्टी यांच्यामध्ये बोटं घातली. दोन गेली. दुसऱ्या रोपाला दोन. तिसऱ्यालाही दोनच.

चौथ्याला बोटं घालायच्या आधीच मला आकडा माहीत होता.

मी अगदी लहान होतो. तुम्ही बांधायचात, आणि अब्बा माझा हात धरून माझी बोटं पट्टीत घालायचे. "जातात का दोन?" मी म्हणायचो, जातात. की मग ते पुढच्या रोपाकडे सरकायचे. माझं कामच ते होतं. पोरगा मध्ये मध्ये करू नये म्हणून मला काहीतरी दिलंय, असं मी समजत होतो. अब्बा खरंच मोजत होते. आणि लुंगी निळ्या चौकडीची होती. अब्बा गेल्यावर तुम्ही ती इकडे घेऊन आलात. कशाला नेतोस, असं अम्मानं विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत ते मला आठवत नाही.

सगुणाताई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, तो चेकिंगवाला माझ्याबद्दल काय विचारत होता? त्या म्हणाल्या, "पोरगा वेळेवर जेवतो का, उन्हात टोपी घालतो का. मी म्हटलं, टोपी घालतो, जेवणाचं काही खरं नाही. कंपनीची माणसं असलं विचारतात होय रे?" मी म्हणालो, विचारत असतील.

मॅडमही आल्या. पडलेली रोपं बघून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता बोलतील, आणि मान खाली घालून उभा राहिलो. त्या चार रोपांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या चिंध्यांनीच धरलं ना यांना? मी उगाच काढायला लावल्या तुला." भाई, मला त्या बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, मॅडम, आता परत तशाच बांधूया. त्या म्हणाल्या, "बांध ना. फोटोचं बघू."

पण मी बांधल्या नाहीत. पाच रोपांची मुळं जिवंत आहेत. त्यांना माती लावली, पाणी दिलं, तात्पुरत्या विटा टेकवल्या. काठ्या शेजारी ठेवल्या आहेत आणि तुमच्या सगळ्या पट्ट्या घडी करून कुंडीखाली. मला बांधता आलं असतं, आता कसं बांधायचं ते दिसलंय. पण तुम्ही बांधाल आणि मी बोटं घालून बघेन, असंच ते काम होतं.

तुम्ही आलात हे खरं धरू का? आलात तर बोलला का नाहीत? मी दोनदा सोडूनही तिसऱ्यांदा येणार होतात का? आणि राग असेल तर टोपीचं का विचारलंत? मला अजूनही काही जुळवता येत नाही. मी फक्त एवढं कळवतो, की बाजूच्या गेटला शनिवारी कडी नसेल. सगुणाताईंना सांगून ठेवलंय, की कंपनीतून माणूस येईल.

अम्मा ११ तारखेला, दुपारी तीन वाजता, शारजा.

अबरार

शुक्रवार, १६ जानेवारी

तहाभाई,

तू रविवारी बोलला नाहीस म्हणून हे लिहितोय. बोलला नाहीस म्हणजे, "ट्रॉली घे", "इकडून नको, लिफ्ट तिकडे आहे" आणि "पट्टा लाव", एवढं बोललास. मी तिन्ही मोजले.

त्याआधीचं तुला माहीत नाही ते सांगतो. रविवारी सकाळी मॅडमची परवानगी घेऊन अम्मासाठी टोमॅटो तोडायला व्हिलावर गेलो. ३ तारखेच्या शनिवारी तू पाचही रोपं बांधलीस, ती मी सोमवारी बघितली होती. रविवारी बघतो तर पट्ट्या एक वीत वर सरकवलेल्या, रोपं वाढली म्हणून. आदल्या दिवशी परत आला होतास. मी प्रत्येक पट्टीत बोटं घातली. सगळीकडे दोन जातात. हे तुला कळवायचं राहिलं होतं.

मग पिकलेले टोमॅटो तोडले आणि वाकडे फुटवे खुडले. बस चुकेल म्हणून हात नीट धुतले नाहीत.

एअरपोर्टला मी दोन वाजताच पोचलो. तू येशील की नाही याचा विचार करत दरवाज्यासमोरच्या रेलिंगला धरून उभा होतो. वळून बघितलं तर तू मागे खांबाला टेकून उभा. किती वेळ उभा होतास? लायबाभाभी आणि तुमची लेक एमान दिसल्या नाहीत, म्हणजे एकटाच आलास. मी सलाम केला. तू मान हलवलीस आणि माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलंस. आत होतो तरी मी ती काढायची विसरलो होतो.

अम्मा आली तेव्हा आपण दोघंही एकदमच पुढे झालो आणि तुझं कोपर मला लागलं. तिनं आधी तुझा हात धरला, मग माझा. मला वाटलं, ती आता विचारेल. पण ती हातांकडेच बघत राहिली. तुझ्या बोटांवर आणि माझ्या बोटांवर तोच हिरवट काळा डाग, टोमॅटोच्या पाल्याचा. साबणानं जात नाही तो. नखांच्या कडेला तर आठवडाभर राहतो. तिनं आपल्या दोघांचे हात स्वतःच्या नाकाजवळ नेऊन वास घेतला. तिथे सगळे लोक ट्रॉल्या घेऊन आपल्याला वळसा घालून जात होते. म्हणाली, "बापासारखे हात झाले दोघांचे. रोपं मिळून बांधलीत होय?"

पाच महिने मी तिला तुझ्या जेवणाची खबर दिली, आणि या प्रश्नाला काय म्हणावं ते मला सुचेना. तूच बोललास. म्हणालास, "हो. मी बांधतो, हा बघतो."

हे तू तिला बरं वाटावं म्हणून म्हणालास की खरं म्हणून? मी घरी येऊन अंकुरला विचारलं तर तो म्हणाला, तुझ्या भावाला विचार ना, मला काय विचारतोस? म्हणून विचारतोय. फोन आता लागतो. बुधवारी सहज लावून बघितला, रिंग गेली, आणि या वेळी मी कट केला नाही. पण फोनवर मी हे विचारू शकलो नसतो, आणि तूही काही बोलला नसतास. आपण दोघं अम्माच्या गुडघ्याबद्दल बोललो. तसं चांगलं बोललो.

एक विनंती. शनिवारी आलास तर बूट पायरीवर काढू नकोस, आत वाफ्याशेजारी काढ. शुभ्रानं मागच्या वेळी लवकर परत येऊन ते आपल्या वडिलांचे समजून कपाटात ठेवले होते, असं सगुणाताई म्हणाल्या. आणि या शनिवारी मी रजा टाकली आहे. मीही असेन. तुला नको असेल तर तसं कळव. मी जास्वंदीच्या पलीकडे थांबेन.

रविवारचा हिशोब खाली लिहितोय. तू म्हणशील हिशोब कशाला, पण लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

माझा खर्च: बस आणि पुढची टॅक्सी, एकोणचाळीस दिरहम. एअरपोर्टवर अम्माला चहा आणि पाणी, सतरा दिरहम. चहा चारशे रुपयांचा म्हणून ती प्यायलाच तयार नव्हती, शेवटी तू प्यायलास.
तू दिलेले: पार्किंगचे वीस दिरहम. अर्धे माझ्याकडून येणं, म्हणजे दहा.
मिठाईचा डबा, ऑगस्टमधला, तुझ्याकडे न उघडलेला: हिशोबात धरत नाही.
माझ्याकडून अजून येणं: अब्बांच्या लुंगीच्या चोवीस पट्ट्या. नऊ बांधलेल्या आहेत, पंधरा धुऊन घडी करून ठेवल्यात. शनिवारी आणतो.

अबरार